कोकणच्या सड्यावर कातळशिल्प दिसलं, तर त्याचं लोकेशन टाकायचं का?

मे महिन्यात तुम्ही गावी गेलाय. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चुलतभावाबरोबर सड्यावर चक्कर मारायला निघालात. चालता चालता काळ्या कातळात एक खाच दिसते. ती पुढे जाऊन वळते, परत येते. दोन पावलं मागे सरकलात की लक्षात येतं, ही नुसती भेग नाही. हे पाय आहेत, ही शेपूट आहे. कुणीतरी इथे प्राणी कोरलाय.

चुलतभावाला याचं काहीच वाटत नाही. "ती होय? ती पांडवांची चित्रं. आम्ही लहानपणापासून बघतोय."

तुम्ही मात्र मोबाईल काढता. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, वर एक ढोल-ताशाचं म्युझिक, खाली कॅप्शन आणि मॅपवरची पिन. पुढच्या रविवारी तिथे चार गाड्या उभ्या असतात, त्यातली एक थेट त्या प्राण्याच्या पाठीवर.

मग काय करायचं? कुणाला सांगायचंच नाही? ते तर याहून वाईट आहे. ते कसं, हे समजण्यासाठी आधी ही कातळशिल्पं काय आहेत आणि ती आपल्यापर्यंत पोचली कशी, ते बघू.

सडा म्हणजे रिकामी जागा नव्हे

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात समुद्रापासून थोडं आत आलं की डोंगरांचे माथे सपाट होतात. हेच सडे. वर जांभ्या दगडाचा उघडा कातळ, माती अगदी नावाला. पावसाळ्यात गवत आणि रानफुलं, उन्हाळ्यात नुसता तापलेला काळा तवा. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुतेक वेळा 'पोटखराब' म्हणून लागते. म्हणजे सरकारी कागदाच्या दृष्टीने तिथे काही नाही.

प्रत्यक्षात या कातळावर माणूस, हत्ती, वाघ, गेंडा, हरीण, मासे, कासव, पक्षी आणि अर्थ न लागणाऱ्या भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात ७० हून जास्त ठिकाणी १५०० हून जास्त आकृत्यांची नोंद झाली आहे आणि हा आकडा वाढतोच आहे. काही आकृत्या हातभर, तर काही इतक्या मोठ्या की जवळ उभं राहिलं तर नेमकं काय आहे तेच कळत नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेत. ड्रोनने वरून फोटो काढल्यावरच तो पूर्ण हत्ती एका नजरेत मावतो. ज्यांनी तो कोरला त्यांच्याकडे ड्रोन नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

२०२२ मध्ये यातल्या नऊ ठिकाणांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आलं. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. फणसायमळ म्हणजे कुशावती नदीकाठचं उसगाळीमळ.

शोध कुणी लावला?

बातम्यांत 'पुरातत्त्वज्ञांनी शोध लावला' असं छापून येतं. कातळशिल्पांच्या बाबतीत हे वाक्य निम्मंच खरं आहे.

सुधीर रिसबूड हे पेशाने इंजिनिअर. ते, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी काही वर्षं सुट्टीच्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातले सडे पायी पालथे घातले. पण नुसतं चालून किती सापडणार? त्यांनी गावोगाव विचारायला सुरुवात केली. गुरं राखणाऱ्यांना, गावातल्या म्हाताऱ्यांना, शाळेतल्या मुलांना, देवळातल्या पुजाऱ्यांना. 'कातळावर काही चित्रं बघितलीत का?' या एका प्रश्नावर डझनावारी ठिकाणं पुढे आली. काही चित्रांना गावात नाव होतं, काहींना गोष्ट होती. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे, कुडोपी इथली शिल्पं अभ्यासकांपुढे आणली, तेही व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हेत. पुढे राज्याचं पुरातत्त्व खातं आणि विद्यापीठांतले संशोधक यात आले आणि २०१८ मध्ये बीबीसीने बातमी केल्यावर जगभर चर्चा झाली.

गोव्यातही तेच. उसगाळीमळची शंभरावर चित्रं नदीच्या गाळाखाली झाकलेली होती. १९९३ मध्ये स्थानिक लोकांनी सांगितलं म्हणून पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे पोचली आणि गाळ काढल्यावर बैल, नाचणारी बाई आणि सात वेढ्यांचा तो प्रसिद्ध चक्रव्यूह वर आला.

थोडक्यात, गावाला आधीपासून माहीत होतं. नवीन काय घडलं, तर कुणीतरी गावाला विचारलं.

देवीहसोळचं उदाहरण तर याच्याही पुढचं आहे. तिथे आर्यादुर्गा देवीच्या देवळाजवळ कातळात एक मोठी चौकोनी आकृती आहे आणि देवीच्या उत्सवात त्या जागेला आजही मान आहे. आपण ज्याला 'प्रागैतिहासिक कला' म्हणून लेबल लावतो, ती त्या गावासाठी चालू कॅलेंडरमधली गोष्ट आहे.

कॅप्शनमध्ये "२०,००० वर्षांपूर्वीचं" लिहू नका

किती जुनी आहेत ही शिल्पं? प्रामाणिक उत्तर असं की नक्की तारीख कुणीच देऊ शकलेलं नाही. आणि त्यात संशोधकांचा आळस नाही, अडचण दगडातच आहे.

कार्बन डेटिंगसाठी एकेकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. कोळसा, हाड, बी, लाकूड. कातळात खोदलेल्या रेषेत यातलं काहीच नाही. उत्खनन करायचं तर मातीचे थर लागतात आणि सड्यावर मातीच नाही, जी होती ती दरवर्षीच्या पावसाने धुऊन नेली. म्हणून संशोधक आडवाटेने जातात. चित्रांत शेतीची अवजारं किंवा शेतीची दृश्यं जवळपास दिसत नाहीत, म्हणजे ही शिकारीवर आणि गोळा करून खाण्यावर जगणाऱ्या माणसांची असावीत. आज कोकणात नसलेला गेंडा इथे कोरलेला आहे, म्हणजे तेव्हाचं हवामान आणि जंगल वेगळं असावं. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं तेव्हा दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे या भागात त्या काळची माणसं राहत होती, याला तरी आधार मिळाला. या सगळ्यावरून मध्याश्मयुगापासून, म्हणजे साधारण १०,००० वर्षांपूर्वीपासून ते अलीकडच्या ऐतिहासिक काळापर्यंत असा एक लांबलचक पट्टा मांडला जातो. सगळी चित्रं एकाच काळातली असतील असंही नाही.

यातला प्रत्येक पुरावा तिरपा आहे, हे लक्षात ठेवायचं. गेंड्याचंच घ्या. गेंडा दिसला की दहा हजार वर्षं, असं सरळ गणित नाही. बाबराने सोळाव्या शतकात पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय.

बारसूला एका माणसाच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ कोरलेत. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही असंच दृश्य आहे. लगेच 'कोकणात सिंधू संस्कृती' असे व्हिडिओ आले. दृश्य सारखं आहे हे खरं, पण नुसत्या सारखेपणावरून नातं सिद्ध होत नाही. देवाचे गोठण्याला शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. जांभ्यात लोखंड भरपूर असतं, त्यामुळे कातळात चुंबकत्व आढळणं यात चमत्कार नाही. पण थंबनेलवर 'गूढ शक्ती' लिहिलं की व्ह्यूज वेगळे मिळतात, हेही खरं. आणि परग्रहवासीयांबद्दल मी काही लिहिणार नाही.

गप्प राहिल्याने काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे. आजपर्यंत ही शिल्पं टिकली कारण सड्यावर कुणाला काही काम नव्हतं. ना शेती, ना घर. गुरं चरायची आणि पायवाटा जायच्या, बस.

ती परिस्थिती बदलून बरीच वर्षं झाली. जांभा हाच कोकणातला बांधकामाचा दगड. चिरेखाणीचं मशीन कातळ आडवा-उभा कापत जातं, एकेक चिरा निघतो आणि खाली खड्डा उरतो. त्या कातळावर काही कोरलेलं होतं का, हे मशीन चालवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हापूसच्या बागेसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे घेतात, बाहेरून माती आणून भरतात. रस्ता रुंद होतो. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी 'सी व्ह्यू प्लॉट' पडतात, त्याला जेसीबी लागतो.

यात कुणी वारशाचा शत्रू नाही. जागामालकाला चिऱ्याचे पैसे मिळतात, बागेतून घर चालतं. अडचण एवढीच की निर्णय होतो त्या दिवशी 'इथे शिल्प आहे' हे सांगणारा एकही कागद किंवा माणूस समोर नसतो. म्हणून नोंद नसलेलं शिल्प सगळ्यात जास्त धोक्यात असतं.

आणि बोलल्याने?

बोलण्याचाही खर्च आहे.

जांभा बेसाल्टसारखा कणखर नाही. तो सच्छिद्र असतो, कडा ठिसूळ असतात. हजार माणसं बूट घालून रेषेवरून चालली की खाचेची धार बोथट होते. फोटोत नीट दिसावं म्हणून लोक रेषांत खडू भरतात, चुना ओततात, लोखंडी ब्रशने शेवाळ खरवडतात. असं केल्याने शिल्प 'उठून दिसतं' खरं, पण खोबणीच्या तळाशी असलेल्या हत्यारांच्या खुणा जातात. उद्या एखादी नवी चाचणी निघाली, तर तिच्यासाठी लागणारा पृष्ठभाग तुम्ही कालच घासून टाकलेला असतो. दगड गोळा करून भोवती 'सजावट' करणारेही असतात. हेतू चांगला, परिणाम वाईट.

शिवाय नाव कोरण्याची हौस. ती काही आपलीच नाही. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली. अजिंठा 'शोधणारा' म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो हाच माणूस. म्हणजे शोधाची पहिली पोस्ट आणि पहिली नासधूस एकाच हाताची.

फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. इतके लोक आले की त्यांच्या श्वासाने आणि घामाने भिंतींवर शेवाळ चढलं. तिथे कुणी चित्राला हातही लावला नव्हता, लोक फक्त प्रेमाने बघायला आले होते. आता पर्यटकांना प्रतिकृती दाखवतात. स्वीडनमधल्या तानुमला तर तज्ज्ञांनीच कातळचित्रांत लाल रंग भरला होता, लोकांना दिसावीत म्हणून. आज तिथेही तो रंग भरावा का यावर वाद आहे. तेव्हा खडू भरणाऱ्या आपल्या पोरांना एकदम गुन्हेगार ठरवू नये, पण थांबवावं जरूर.

मग पिन टाकायची का?

माझं मत सांगतो. गावाचं नाव टाका, पिन टाकू नका. निदान तिथे कुणीतरी राखणारं उभं राहीपर्यंत तरी नको.

यातला फरक बारीक वाटेल, पण कामाचा आहे. गावाचं नाव वाचून आलेला माणूस गावात थांबतो, 'कुठे आहे हो ते' असं विचारतो. मग कुणीतरी बरोबर येतं, चप्पल काढायला सांगतं, चहाचं आणि सोबतीचं चार पैसे मिळवतं. पिन मात्र थेट कातळावर नेते, मध्ये गाव लागतच नाही. रात्री बारालाही नेते.

रत्नागिरीजवळच्या उक्षीचा हत्ती याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे गावकऱ्यांच्या सहभागातून शिल्पाभोवती संरक्षक कठडा उभा राहिला, त्याबाहेरून बघता येतं. उक्षीचं लोकेशन आज कुणीही टाकावं, काही बिघडत नाही. कारण आधी गाव उभं राहिलं, मग जाहिरात झाली. क्रम उलटा झाला की त्रास होतो.

एक तांत्रिक गोष्ट. फोटोच्या आत जीपीएसची नोंद लपलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती सहसा निघून जाते, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. खात्याला किंवा अभ्यासकाला पाठवताना हीच नोंद सोन्यासारखी असते. तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकताना नाही.

युनेस्कोचं नाव लागलं म्हणजे संरक्षण मिळालं?

नाही. हा गैरसमज बराच पसरलाय.

तात्पुरती यादी म्हणजे 'या ठिकाणांचा प्रस्ताव आम्ही पुढे आणू शकतो' असं देशाने युनेस्कोला कळवलेलं असतं. या यादीत असल्याशिवाय पुढचा प्रस्ताव जात नाही. मराठ्यांचे १२ किल्ले २०२१ मध्ये तात्पुरत्या यादीत आले आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरले. पण काही ठिकाणं वर्षानुवर्षं तात्पुरत्याच यादीत राहतात. त्या यादीतल्या नावाने चिरेखाण थांबत नाही.

थांबते ती कायद्याने. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा. त्याखाली अधिसूचना काढून एखादी जागा 'संरक्षित' जाहीर करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे 'संरक्षित' झाल्यावर.

इथेच खरी गाठ आहे. बरेचसे सडे खाजगी मालकीचे आहेत, सातबाऱ्यावर पंधरा-वीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. 'शिल्प आहे म्हणून सांगितलं तर जमीन गेली,' ही भीती खरी आहे, तिला हसू नये. त्यात १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी, हा केंद्रीय स्मारकांचा नियम लोक सगळ्याच ठिकाणांना लावून मोकळे होतात, त्यामुळे भीती आणखी वाढते. मालकाला विश्वासात न घेता व्हायरल केलेला व्हिडिओ कधी कधी त्याच मालकाला घाईने जेसीबी बोलवायला लावू शकतो. व्हिडिओ टाकणाऱ्याने हाही विचार करायला हवा.

बारसूत हा प्रश्न सगळ्यात मोठ्या आकारात समोर आला. ज्या परिसरातली शिल्पं युनेस्कोच्या यादीत गेली, त्याच बारसू-सोलगाव भागात तेल शुद्धीकरण प्रकल्प सुचवला गेला. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, रणरणत्या उन्हात ठिय्या दिला. आंदोलनात रोजगार, आंबा, पाणी, मासेमारी असे कितीतरी मुद्दे होते. पण त्यामुळे कातळशिल्प हा शब्द पहिल्यांदाच अनेक मराठी घरांत टीव्हीवर ऐकू आला. सड्याला रिकामी जागा म्हणणाऱ्या कागदासमोर लोकांनी चित्रांची यादी ठेवली.

तर सापडलं की काय करायचं?

आधी चप्पल काढून बाजूला उभे राहा. झाडलोट करू नका, पाणी ओतू नका, खडू नको. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला असताना तिरप्या उजेडात रेषा आपोआप उठून दिसतात, भर दुपारी काहीच कळत नाही. शिल्पाशेजारी पट्टी ठेवा, नसेल तर पेन किंवा दहाचं नाणं, म्हणजे आकार कळतो. एक फोटो पूर्ण आकृतीचा, काही जवळून, एक आजूबाजूच्या परिसराचा. जीपीएस चालू ठेवा.

मग गावात विचारा. जागेला काय म्हणतात, काही गोष्ट सांगतात का, जमीन कुणाची. पांडवांची कथा ऐकून हसू नका, लिहून घ्या. जागेचं स्थानिक नाव ही अभ्यासकाला मिळालेली पहिली खूण असते.

जागामालक आणि सरपंच यांच्याशी बोलून माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा. खात्याचं विभागीय कार्यालय रत्नागिरीतच आहे. गोव्यात असाल तर तिथलं पुरातत्त्व खातं. अर्जाची पोच घ्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. जवळपास दगडी हत्यारासारखं काही पडलेलं दिसलं तर उचलून खिशात घालू नका. जागेवरून हललेला दगड फक्त दगड राहतो. नाणी, दागिने असं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, १८७८ चा कायदा तसं सांगतो आणि तो अजून लागू आहे.

व्हिडिओ? तो जरूर टाका. मागे ओळखू येईल असा टॉवर किंवा देवळाचा कळस येऊ देऊ नका, वयाचा आकडा टाकू नका आणि ज्याने जागा दाखवली त्या चुलतभावाला, त्याची हरकत नसेल तर, टॅग करा. शोध त्याचाच आहे.